परिचारिकेचा दाखला आणि पोलिसांचा कागद

आपल्या घरांतल्या मुलींनी नर्सिंगचा रस्ता धरला, त्याला आता दोन पिढ्या होत आल्या. ज्यांच्या आईबापांनी इस्पितळात आया म्हणून, वॉर्डबॉय म्हणून, सफाई कामगार म्हणून हाडे झिजवली, त्यांच्याच मुली त्याच इस्पितळात सिस्टर म्हणून उभ्या राहिल्या. हे पाहून कोणाचीही मान ताठ होईल. या रस्त्यावरच्या अडचणी सर्वांना ठाऊक आहेत. फी आहे, वसतिगृह आहे, इंग्रजी पुस्तके आहेत, रात्रपाळी आहे. पण एक अडचण अशी आहे की ती कोणी चारचौघांत बोलून दाखवत नाही. ती म्हणजे कपाटातल्या साडीच्या घडीखाली दडवून ठेवलेला पोलिसांचा कागद.

आम्ही एका कचेरीत कारकून आहोत. बी.कॉम. झालो तेव्हा घरच्यांना वाटले, पोरगा बँकेत जाईल. बँकेत गेलो नाही, पण कागद वाचायला शिकलो. तेच शिक्षण वस्तीच्या कामी आले. रविवारी संध्याकाळी विहारात बसून लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही पंधरा-सोळा वर्षे करीत आहोत. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, पेन्शन. गेल्या काही वर्षांत मात्र एक नवाच प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. मुलगी बारावी झालेली असते, सोबत आई असते. आई इकडेतिकडे पाहते आणि हळूच विचारते, "भाऊ, नावावर केस असली तर पोरीला नर्स होता येतं का हो?"

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट ही की, नर्स होण्याच्या वाटेवर दार एक नाही, तीन आहेत. पहिले दार नोंदणीचे. ए.एन.एम., जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा पास होणे पुरेसे नाही, कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लागावे लागते. आपल्या राज्यात हे काम १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली मुंबईची महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. दुसरे दार नोकरीचे, त्यातही सरकारी, महापालिकेच्या नोकरीचे. तिसरे दार पासपोर्टचे, कारण आज कितीतरी मुली आखातात, इंग्लंडात जाऊन नर्सिंग करू पाहतात. जुनी केस या तिन्ही दारांवर वेगवेगळ्या रीतीने आडवी येते. एका दारावर ती चालून जाते, म्हणून दुसऱ्यावरही चालेल असे समजू नये. आणि एका दारावर अडली, म्हणून सगळे संपले असेही समजू नये.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्या वस्तीत पोलीस ठाण्याशी आलेल्या कुठल्याही संबंधाला 'केस' म्हणतात. कायद्याच्या भाषेत मात्र त्याच्या पायऱ्या आहेत. भांडण झाले आणि ठाण्यात एन.सी. नोंदली, म्हणजे अदखलपात्र तक्रार. तिथे न्यायाधीशाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपाससुद्धा करू शकत नाहीत. एफ.आय.आर. झाला तर तो दखलपात्र गुन्हा. तपासात काही निघाले नाही तर पोलीस कोर्टाकडे समरी मागतात आणि प्रकरण तिथेच संपते. दोषारोपपत्र गेले तर खटला उभा राहतो. खटल्यात माणूस निर्दोष सुटतो किंवा दोषी ठरतो. शिवाय चॅप्टर केस निराळी. सणासुदीच्या, निवडणुकीच्या आधी पोरांना बोलावून शांततेचा बाँड लिहून घेतात, ती शिक्षा नव्हे. या प्रत्येक पायरीची किंमत वेगळी आहे. ज्या बाईच्या नावावर फक्त एन.सी. आहे आणि जिला फसवणुकीबद्दल शिक्षा झाली आहे, त्या दोघी कायद्यापुढे सारख्या नाहीत. पण भीती दोघींना सारखीच वाटते. भीतीपोटी माणूस चुकीचा कागद भरतो आणि नुकसान तिथेच होते.

आमच्या पाहण्यातल्या दोन हकिकती सांगतो. नावे सांगणार नाही, गावेही सांगणार नाही.

एक मुलगी. बाप हमाल, आई घरकाम करणारी. नळावरच्या भांडणात दोन घरांची झोंबाझोंबी झाली. समोरच्यांनी फिर्याद दिली, त्यात आईबरोबर या पोरीचेही नाव गोवले. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि जी.एन.एम.च्या पहिल्या वर्षाला होती. दोन वर्षे तारखा झाल्या. अखेर दोन्ही घरांनी समजुतीने लोकअदालतीत प्रकरण मिटवले. पोरगी पास झाली, कौन्सिलची नोंदणी झाली, एका सरकारी इस्पितळासाठी तिची निवडही झाली. नेमणुकीच्या आधी साक्षांकन नमुना भरायचा आला. हा चारित्र्य पडताळणीचा कागद. त्यात नुसते 'शिक्षा झाली आहे काय' एवढेच विचारलेले नसते. कधी अटक झाली होती काय, खटला चालला होता काय, बाँड घेतला होता काय, दंड झाला होता काय, असे एकेक खोदून विचारलेले असते.

बाप म्हणाला, "भाऊ, केस मिटली ना? मग 'नाही' लिहा. कशाला हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा?" मुलगी गप्प होती. आम्ही तिलाच विचारले, "तू काय लिहिणार?" ती म्हणाली, "काका, खटला चालला होता ना. मग 'होय'च लिहावं लागेल." आम्ही 'होय' लिहिले. खाली खटल्याचा क्रमांक, कोर्टाचे नाव, निकालाची तारीख लिहिली आणि कोर्टाच्या हुकुमाची नक्कल जोडली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२० कलमात म्हटले आहे की, मिटवता येण्याजोगा गुन्हा दोन्ही पक्षांनी रीतसर मिटवला तर त्याचा परिणाम आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच असतो. नव्या संहितेतही तीच तरतूद ३५९ कलमात आहे. तेही अर्जासोबतच्या पत्रात नमूद केले.

नेमणूक चार महिने अडकली. तिच्याबरोबरच्या मुली रुजू झाल्या, पगार घेऊ लागल्या. त्या चार महिन्यांत तिचा बाप आमच्याशी बोलला नाही. समोरून आला तर रस्ता बदलायचा. आम्ही त्याला दोष देत नाही. लेकीचा पगार येईल म्हणून त्याने व्याजाने पैसे काढले होते. अखेर हुकूम आला, मुलगी रुजू झाली. बाप पेढे घेऊन आला तेव्हाही फारसे बोलला नाही, नुसता बसून राहिला.

दुसरी हकिकत एका मुलाची. आता मुलगेही नर्सिंग करतात, इस्पितळात त्यांना ब्रदर म्हणतात. हा पोरगा वीस वर्षांचा असताना चौकात पत्ते खेळणाऱ्यांच्या घोळक्यात सापडला. जुगारबंदी कायद्याखाली सर्वांना कोर्टात उभे केले. कोणीतरी सांगितले, गुन्हा कबूल करा, दोनशे रुपये भरा, मोकळे व्हा. सर्वांनी तेच केले. दुपारपर्यंत सारे घरी. पुढे तो जिद्दीने शिकला. सरकारी इस्पितळात नेमणूक मिळाली तेव्हा कागदावर त्याने सरळ 'नाही' लिहिले. त्याच्या मनात खोटेपणा नव्हता, त्याला खरोखरच ती केस वाटत नव्हती. सात महिन्यांनी पोलिसांचा अहवाल आला आणि माहिती दडवली म्हणून नोकरी गेली. दोनशे रुपयांच्या दंडामुळे ती गेली नाही, 'नाही' या एका शब्दामुळे गेली. आज त्याची कौन्सिलची नोंदणी शाबूत आहे, पण एका खाजगी नर्सिंग होममध्ये तो तुटपुंज्या पगारावर रात्रपाळी करतो.

या दोन हकिकती शेजारी ठेवल्या की कायद्याचे मर्म कळते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात याच विषयावर नियम घालून दिले. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, ती दडवता कामा नये, हा पहिला नियम. पण न्यायालयाने पुढे हेही म्हटले की, लहान वयात घोषणा दिल्याचा किंवा अशाच किरकोळ स्वरूपाचा गुन्हा असेल आणि तो दडवला गेला असेल, तरी मालकाने सारासार विचार करून ती चूक पोटात घालण्यास हरकत नाही. कागदावर जे विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून दडवणूक म्हणता येणार नाही. मात्र सर्व खरे सांगितले तरी त्या माणसाची योग्यता तपासण्याचा मालकाचा हक्क राहतो. म्हणजे खरे बोलल्याने नोकरी मिळेलच अशी हमी नाही. पण खोटे बोलल्याने भांडण्याचा पाय मात्र लंगडा होतो. निर्दोष सुटतानाही पुरावाच नव्हता म्हणून सुटला की संशयाचा फायदा मिळून सुटला, हे पाहिले जाते. म्हणून निकालपत्र नीट वाचून घ्यावे.

'गुन्हा कबूल करा आणि मोकळे व्हा' हा सल्ला आपल्या माणसांचे सर्वात जास्त नुकसान करतो, असे आमचे मत झाले आहे. रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी जाते. म्हणून तो दंड भरून सुटका करून घेतो. पण कबुली दिली की ती दोषसिद्धी होते, दंड वीस रुपयांचा असो की दोन हजारांचा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पवन कुमार विरुद्ध हरियाणा राज्य हा खटला आला. त्या माणसाने १९८० साली २९४ कलमाखाली गुन्हा कबूल करून वीस रुपये दंड भरला होता. त्यापायी त्याची नोकरी गेली होती. न्यायालयाने म्हटले की, एवढ्यावरून त्याने नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला असे ठरत नाही. हजारो लोक असे किरकोळ दंड भरून मोकळे होतात, त्यांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून संसदेने लक्ष घालावे, अशी सूचनाही केली. म्हणजे एका माणसाला सोळा वर्षांनी न्याय मिळाला. आपल्यातल्या किती जणांच्या अंगी सोळा वर्षे लढण्याचे बळ आहे? त्यापेक्षा कबुली देण्याआधी एका वकिलाला विचारणे सोपे.

आणि वकिलाला पैसे नाहीत ही सबब आता चालणार नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ कलमाप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही केंद्राने अनुसूचित जातीत धरले आहे, त्यामुळे दाखला हाती असेल तर तोही हक्क आहेच. तालुका आणि जिल्हा कोर्टात विधी सेवेचे कार्यालय असते. १५१०० हा फोन नंबर आहे. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा.

आता नोंदणीच्या दाराकडे वळू. कौन्सिलांच्या कायद्यांत गैरवर्तनाबद्दल नोंदवहीतून नाव काढण्याची तरतूद असते, आणि 'नैतिक अधःपतन' हा शब्द तिथे कळीचा ठरतो. चोरी, फसवणूक, अफरातफर, खोटी कागदपत्रे, लाच, औषधांचा गैरव्यवहार अशा गोष्टी त्यात सहज बसतात. नळावरचे भांडण सहसा बसत नाही. यात सर्वात घातक म्हणजे खोटी गुणपत्रिका किंवा बनावट नोंदणी. "पैसे द्या, कौन्सिलचे काम करून देतो" म्हणणारे दलाल भेटतात. त्यांच्या नादाने मिळालेला कागद हाच पुढे गुन्हा होतो, आणि तो गुन्हा थेट पेशाच्या मुळावर येतो. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला. त्यात राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही पातळ्यांवर नोंदवह्यांची तरतूद आहे. नोंदी जसजशा एकमेकींशी जोडल्या जातील, तसतसे एका राज्यात लपवलेले दुसऱ्या राज्यात उघडे पडेल.

काही जण आम्हाला विचारतात, एवढी कडक चौकशी नर्सलाच का? त्याचे उत्तर इस्पितळातच आहे. बेशुद्ध माणसाच्या अंगावरचे दागिने नर्सच्या हाती असतात. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असते. तान्हे मूल, वाट चुकलेली म्हातारी, अंगावर कपडा नसलेला रोगी, सारे तिच्या भरवशावर असतात. आपलीच आई त्या खाटेवर असेल तर आपणही तिथे भरवशाचे माणूस मागू. म्हणून चौकशीला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे इतकेच की, चौकशीत माणूस पाहावा, नुसता शिक्का पाहू नये. केव्हा घडले, वय काय होते, त्यानंतर माणूस कसा वागला, हे पाहावे.

कायद्यानेही काही ठिकाणी ही माणुसकी लिहून ठेवली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून काही घडले असेल तर २०१५ च्या बालन्याय कायद्याचे २४ कलम सांगते की, त्यापायी त्याला पुढे अपात्र ठरवता येणार नाही. सोळा वर्षांवरच्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी मोठ्या माणसासारखा खटला चालला असेल तर तो अपवाद. तसेच १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला, १२ कलमाप्रमाणे, शिक्षेमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. मालक त्याच्या वर्तनाचा विचार करू शकतो हे खरे, पण हे संरक्षण कमी नाही. वकिलाने कोर्टात ते मागितले पाहिजे.

घरगुती खटल्यांचे एक वेगळेच दुखणे आहे. भावजयीने छळाची फिर्याद दिली की नवरा, सासू, सासरा यांच्याबरोबर शिकणाऱ्या नणंदेचेही नाव येते. छळ झालेल्या बाईने फिर्याद द्यावीच, त्यात दुमत नाही. पण वसतिगृहात राहणाऱ्या नणंदेचा खरोखर संबंध नसेल तर तिने स्वस्थ बसू नये. ४९८-अ आपल्याकडे नुसत्या आपसातल्या तडजोडीने मिटत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात जाऊन ती फिर्याद रद्द करून घ्यावी लागते. घरात समेट झाला म्हणून केस संपली असे समजणाऱ्या कितीतरी मुलींना नेमणुकीच्या वेळी कळते की खटला अजून चालूच आहे.

तेच आंदोलनाच्या केसेसचे. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर कितीतरी पोरापोरींवर गुन्हे दाखल झाले. भीमा कोरेगाव प्रकरणातल्या ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचे राज्याच्या गृहमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये विधिमंडळात सांगितले. बातमी वाचून घरोघरी वाटले, सुटलो. पण खटला कोर्टात गेला असेल तर सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने संमती द्यावी लागते, तेव्हाच तो मागे घेतला जातो. वर्तमानपत्राचे कात्रण पडताळणीच्या टेबलावर चालत नाही, तिथे कोर्टाचा हुकूम लागतो. आपला गुन्हा त्या ३४८ मध्ये आहे की उरलेल्यांत, हे ज्याने त्याने ठाण्यात आणि कोर्टात जाऊन पाहिले पाहिजे.

परदेशी जाणाऱ्या मुलींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्या कोर्टाची परवानगी आणली तर ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. तिकडे गेल्यावरही चौकशी असतेच. इंग्लंडची नर्सिंग कौन्सिल शिक्षा झाली आहे काय हे विचारते आणि प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२० पासून, गंभीर गुन्हे सोडून, सात वर्षांहून जुन्या शिक्षेवरून परवाना नाकारता येत नाही. टेक्सासमध्ये तर नर्सिंगला प्रवेश घेण्याआधीच बोर्डाला विचारता येते की, माझ्यावर अशी अशी केस आहे, पुढे मला परवाना मिळेल काय? ही सोय आम्हाला फार मोलाची वाटते. गरीब बाप कर्ज काढून लेकीला शिकवतो. शेवटच्या दारावर तिला अडवण्यापेक्षा पहिल्याच दारावर खरे काय ते सांगावे. आपल्या परिषदांनीही असे काही करावे, ही आमची मागणी आहे आणि संघटनांनी ती लावून धरावी.

तोवर आपल्या हातातले आपण करू. ज्या घरात नर्सिंगला जाणारी मुलगी आहे, त्या घराने जुनी प्रकरणे आजच बाहेर काढावीत. एफ.आय.आर.ची प्रत, दोषारोपपत्र, निकालाची शिक्क्याची नक्कल एका फायलीत ठेवावी. खटल्याची स्थिती ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पाहता येते, कॉलेजातली पोरे ती दोन मिनिटांत काढून देतात. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता आल्या, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमे लागतात, म्हणून कागदावर जे कलम आहे तेच अर्जात लिहावे. प्रश्न नीट वाचावा, जेवढे विचारले आहे तेवढ्याचे पूर्ण आणि खरे उत्तर द्यावे. समजले नाही तर विचारावे. यात लाज कसली?

मायबापांनो, पोरीच्या नावावर केस आहे हे लपवण्यात जी शक्ती खर्च होते, तीच ती केस निकाली काढण्यात लावा. रविवारी संध्याकाळी आम्ही विहारात असतोच. फाईल घेऊन या.